पद्मिनीत नवी सीट बसवायची तर: आधी माप, मग भंगारबाजार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, पुढे सलग बेंच सीट, गिअर स्टिअरिंगवर. पुणे–कोल्हापूर एवढा प्रवास केला की कंबर धरते. म्हणून कुठल्या हॅचबॅकच्या सीट ‘सरळ बसतात’ ते हवं आहे.

सरळ बसणारी सीट नाही. ही गाडी म्हणजे मुळात फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनायला लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. तिचा फ्लोअर पातळ आणि उंचसखल, मधून प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची फिरकी मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) उंचवटा, आणि सीटची मूळ भोकं बेंचच्या रुंदीप्रमाणे पाडलेली. आजच्या सीटची चार बोल्टची मापं त्यांच्याशी जुळत नाहीत, त्यामुळे मध्ये जोडफ्रेम करावीच लागते. आणि ती फ्रेम कशी होते त्यावर तुमची कंबर सुटणार की आणखी दुखणार हे ठरतं. सीट कुठल्या गाडीची, हा प्रश्न त्यानंतरचा.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत, कारण त्या तुमच्यावर आणि तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत: तुमची उंची, फ्लोअरचा पत्रा किती शाबूत आहे, मागे नेहमी कोण बसतं, आणि गाडी पुढे मूळ स्वरूपात ठेवायची आहे की नाही. त्यातलं शेवटचं आधी बोलतो, कारण त्यावर बाकीचं काम ठरतं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशी गाडी मग रोजच्या वापराला चालत नाही, त्यामुळे तुम्हाला ती नोंदणी हवी असेलच असं नाही. पण २०२८ मध्ये तो पर्याय तुमच्यापुढे येणार आहे. आज फ्लोअर कापलात, नवे आडवे पट्टे वेल्ड केलेत, तर तो बदल बॉडी शेलमध्ये झाला. कव्हर, कुशन किंवा बोल्टने बसलेली सीट परत काढता येते. म्हणून माझा आग्रह असा की सीटसाठी फ्लोअरला नवं वेल्डिंग करू नये, आणि होईल तेवढं काम मूळ भोकांवरच भागवावं.

दुसरी कायद्याची बाब आसनसंख्येची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. बेंच काढून दोन वेगळ्या सीट लावल्या की मधली जागा जाते. आरसीवर आसनसंख्या काय लिहिली आहे ते पाहा आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीला जाते, तेव्हा हा प्रश्न निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

आता कंबरेकडे येऊ. दुखतं ते बहुतेक वेळा बेंचच्या जातीमुळे दुखत नाही. बेंच मेलेली असते म्हणून दुखतं. आतल्या नागमोडी स्प्रिंगा सैल पडतात, एखादी तुटते, वरच्या काथ्याचा भुगा होतो आणि चालकाच्या बाजूला खळगा पडतो. माणूस त्या खळग्यात डावीकडे किंवा उजवीकडे कलून दोनशे किलोमीटर बसतो. एक बिनखर्चाची परीक्षा करा. ४५ × ४० सेंमीचा १२ मिमी प्लायवूडचा तुकडा चालकाच्या जागेवर ठेवा, वर दोन पदरी घोंगडी टाका. अंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून कंबरेच्या खोलगट भागामागे बांधा. गुंडाळी दाबल्यावर चार-पाच सेंमी राहिली पाहिजे. प्लायवूड सरकणार नाही असं कव्हरखाली खोवा आणि मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठ किलोमीटर चालवून या. आराम पडला तर तुमच्या गाडीला नवी सीट लागत नाही, जुनी नीट बांधून घ्या.

ती बांधायची कशी हेही सांगतो, कारण कुशनवाल्याकडे गाडी सोडली की तो जुनं कव्हर उसवून वर मऊ फोमचा थर घालतो. दुकानात बसून बघितलं की छान वाटतं, तासाभराने फोम तळाला टेकतो आणि खालची सळई लागायला लागते. काम खालून वर व्हायला हवं. कव्हर आणि काथ्या पूर्ण काढून सांगाडा उघडा करा, गंज घासून रेड ऑक्साइड मारा. तुटलेल्या आणि ताण गेलेल्या स्प्रिंगा बदला. फक्त चालकाकडच्या बदलल्या तर सीट तिरकी होते, दोन्हीकडच्या बदला. स्प्रिंग जिथे सांगाड्याला अडकते तिथे चामड्याचा किंवा नायलॉनचा तुकडा घाला, नाहीतर कुरकुर कायमची मागे लागते. स्प्रिंगांवर जाड कॅनव्हास ताणून शिवा, म्हणजे फोम स्प्रिंगांत खचत नाही. त्यावर ४० डेन्सिटीचा (घनतेचा) एचआर, म्हणजे दबून परत उसळणारा, फोम ७५ मिमी, आणि सर्वांत वर १५ ते २० मिमी मऊ फोम. पाठीला ३२ डेन्सिटी पुरते. कुशनच्या वर १५ ते २० सेंमीवर, कंबरेच्या जागी, २५ मिमीचा वेगळा तुकडा कडा उतरत्या कापून चिकटवा. कडक रिबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून बनवलेला) फोम अख्ख्या सीटला वापरू नका, तो फक्त पुढच्या कडेला मांडीच्या आधारापुरता ठीक.

कुशनवाल्याला फोमची जाडी सांगण्यापेक्षा बसल्यावरची उंची सांगा. तुम्ही बसलेले असताना फ्लोअरपासून कुशनच्या दबलेल्या पातळीपर्यंतचं माप आधी घ्या आणि काम झाल्यावर परत घ्या. ती उंची दोन-तीन सेंमीने वाढली तरी पद्मिनीचं मोठं स्टिअरिंग मांडीला घासायला लागतं.

बेंच बांधूनही एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे डोक्यामागचा आधार. मागून धक्का बसला की मान मागे झटकते आणि जुन्या बेंचची पाठ खांद्याखालीच संपते. केवळ ह्या कारणासाठी कोणी वेगळ्या सीट लावायच्या म्हणत असेल तर मला ते पूर्ण पटतं. तेव्हा पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

भंगारबाजारात जाण्याआधी पाच मापं वहीत हवीत. ती सगळी तुम्ही स्वतः, रोजचे बूट घालून, गाडीत बसलेले असताना दुसऱ्याने घ्यायची. पहिलं: मांडी आणि स्टिअरिंगची खालची कड यांतलं अंतर, पाच-सहा सेंमी तरी राहावं. दुसरं: डोकं आणि छत, आडवी चार बोटं मोकळी राहावीत. तिसरं: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहायला हवा, सरळ झाला तर सीट मागे आहे. चौथं: मूळ भोकांची एकमेकांपासूनची अंतरं, लांबीची, रुंदीची आणि दोन्ही तिरकी. पाचवं लोक घेत नाहीत आणि मग पस्तावतात: स्टिअरिंगच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि तो जिथे येतो त्या रेषेवर फ्लोअरला खडूने लांब रेघ मारा. नव्या सीटचा मध्य ह्या रेघेवर यायला हवा. बेंचवर माणूस आपोआप सरकून स्टिअरिंगसमोर बसतो, वेगळी सीट ती मुभा देत नाही. दार आणि मधला उंचवटा यांत सीट कशीबशी कोंबली की ती आत सरकते, आणि रेघेपासून दोन-तीन सेंमीहून जास्त सरकली तर पाय एकीकडे, खांदे दुसरीकडे अशी बसण्याची पीळ पडते. सीट महागडी असली तरी कंबर दुखणारच.

म्हणून रुंदी हा सीट निवडण्याचा पहिला निकष. लहान हॅचबॅकच्या, आणि त्यांतल्याही आधीच्या पिढीच्या सीट बघा. बाहेरची रुंदी ४८ ते ५० सेंमीच्या आसपास असली तर जमण्याची आशा. ह्या मापात पाठ मागे करण्याचा खटका धरा. तो दाराच्या बाजूला असतो आणि दार लावल्यावर त्यात बोटं घालायला पाच सेंमी तरी जागा लागते. उंची कमीजास्त करणारी सीट घेऊ नका, त्या यंत्रणेनेच सीट वर जाते. विजेवर सरकणारी तर नकोच. तुमच्या गाडीत वीज बनवणारा मूळचा डायनॅमो असेल तर दिवे आणि वायपर चालू असतानाच त्याची दमछाक होते.

मागे बसणाऱ्यांचा विचार इथेच करा. बेंचची पाठ पातळ, नव्या सीटची जाड, त्यामुळे मागच्यांच्या गुडघ्यांची पाच-सहा सेंमी जागा जाते. घरातली मोठी माणसं नेहमी मागे बसत असतील तर मी बेंचच बांधायला सांगेन.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा तुमच्या गावच्या भंगारबाजारात सीट बघताना सर्वांत आधी वायरी बघा. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर ती सीट तिथेच ठेवा. तो एअरबॅगचा किंवा पट्टा आवळणाऱ्या प्रिटेन्शनरचा असतो आणि दोन्हींत स्फोटक भरलेलं असतं. पाठीच्या कडेला एअरबॅगची छोटी चिठ्ठी शिवलेली असते तीही शोधा. अशा वायरीला मल्टिमीटरसुद्धा लावू नका, मीटरचा बारीक प्रवाह ती उडवायला पुरू शकतो. मग सीट उलटी करा. रेलमध्ये (सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्या पट्ट्यांत) वाळलेला गाळ, फोमच्या खाली पाण्याची रेघ, कुबट वास, यांतलं काही असेल तर गाडी पुरात बुडालेली होती. शेवटी सीट सपाट जमिनीवर ठेवून पुढे-मागे सरकवा. दोन्ही रेल सारख्या सरकल्या पाहिजेत आणि दोन्हीकडचे खटके एकाच वेळी ‘टक्’ करून अडकले पाहिजेत. एक बाजू उशिरा अडकत असेल तर सांगाडा अपघातात पिळलेला आहे.

शक्य असेल तर सीट ज्या गाडीतून निघते आहे ती उभी असतानाच गाठा. सीट काढण्याआधी कुशनवर सरळ पट्टी ठेवून मोबाइलच्या लेव्हलने तिचा कोन बघा आणि वहीत लिहा. ह्या एका आकड्यावर फ्रेमचं निम्मं गणित सुटतं. कारण असं: पुष्कळ हॅचबॅकमध्ये सीटचे पुढचे बोल्ट उंच आडव्या पट्ट्यावर आणि मागचे खाली फ्लोअरवर बसतात. म्हणून रेलचे पुढचे पाय आखूड, मागचे लांब. तीच सीट पद्मिनीत तशीच ठेवली की नाकावर पडते, पुढे उतरती होते. माणूस सारखा पुढे घसरतो, पायांनी रेटून स्वतःला मागे ठेवतो आणि कंबर आधीपेक्षा जास्त दुखते. अपघातात तो कमरेच्या पट्ट्याखालून घसरून जाण्याचा धोका त्याहून मोठा. फ्रेमची पुढची बाजू नेमकी किती उचलायची ते वहीतल्या कोनावरून कळतं.

आता फ्लोअर. मॅट, नमदा, डांबरी शीट सगळं काढून पत्रा उघडा करा. मूळ भोकांभोवती हातभर जागेत स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा ठीक. बद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं तर आधी पत्र्याचं काम. मुंबई-कोकणातल्या गाड्यांत मॅटखाली पाणी साचून नेमकी हीच जागा खालून गेलेली असते. ही दुरुस्ती मूळ आकारातली असल्यामुळे तिला बदल म्हणायचं कारण नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढा आणि खालून पेट्रोलची नळी, ब्रेकचे पाइप, वायरी कुठून जातात ते बघा. डांबरी शीट भोवतालची पूर्ण खरवडून काढा, ती पेट घेते. अग्निशामक हाताशी हवा.

जोडफ्रेम करताना दोन आडवे पाइप घ्या: ४० × २० मिमीचा चौकोनी पाइप, भिंत किमान २ मिमी, आडवा ठेवून. म्हणजे उंची फक्त २० मिमी जाते. पाइप मूळ भोकांवर बसतात, सीटच्या रेल पाइपांवर बसतात. पोकळ पाइपातून बोल्ट तसाच आरपार घालू नका. नट आवळला की पाइप चेपतो, चेपला की बोल्ट ढिला होतो, पुन्हा आवळला की आणखी चेपतो. प्रत्येक बोल्टच्या जागी पाइपात जाड भिंतीचा बुश (नळीचा आखूड तुकडा) बसवून वेल्ड करा, म्हणजे आवळण्याचा दाब बुशवर येतो. हे काम फॅब्रिकेटर टाळतो, कारण वरून दिसत नाही. त्याच्याजवळ उभे राहून करून घ्या.

आधी पुठ्ठ्याचं किंवा प्लायवूडचं फर्मा करा, मग पाइपाला नुसते टाके मारा. सीट ठेवा, बसा, पाचही मापं परत तपासा, दार लावा, गिअर चारही टाकून बघा, क्लच दाबा. ह्या टप्प्यावर अर्धा दिवस गेला तरी चालेल. सगळं पटलं की फ्रेम गाडीबाहेर काढून पूर्ण वेल्ड करा. वेल्डने पाइप ओढला जातो, म्हणून नंतर चारही बोल्टच्या भोकांची दोन तिरकी अंतरं मोजा. दोन्हींत दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर रेल समांतर राहत नाहीत, सीट अडकत सरकते आणि खटका एकाच बाजूचा लागतो. एका खटक्यावर उभी असलेली सीट ब्रेक दाबल्यावर सुटू शकते. फ्रेम सरळ करा किंवा परत करा; बोल्ट जबरदस्तीने ओढून जुळवू नका.

बोल्ट एम८ (८ मिमी जाडीचा), मजबुतीची ग्रेड ८.८, माथ्यावर ८.८ कोरलेलं असतं ते वाचून घ्या, नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा). आवळण २२ ते २५ न्यूटन-मीटर. फ्लोअरच्या खालून प्रत्येक बोल्टला ३ मिमी जाडीची पट्टी द्या, नुसता वायसर पुरत नाही. एफआयए ह्या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत सीटच्या प्रत्येक जोडाला किमान ४० चौरस सेंमी टेकण मागितलं आहे; ६५ × ६५ मिमीची पट्टी घेतली की तेवढं भरतं. रस्त्यावरच्या गाडीला तो नियम लागू नाही, पण एक मिमीच्या आसपासच्या जुन्या पत्र्याला मी त्याहून कमी देत नाही. पट्टीचे कोपरे गोल घासा, कारण टोकदार कोपऱ्यापासूनच पत्रा चिरायला लागतो. पट्टीला प्रायमर आणि कडेने सीलर लावा. मध्ये रबर मात्र नको. रबर दबतं आणि आवळण जाते. मधल्या उंचवट्याजवळचा बोल्ट नेमक्या लांबीचा घ्या. आत प्रॉपेलर शाफ्ट फिरतो.

सीटबेल्टबद्दल लक्ष देऊन वाचा. बहुतेक आधुनिक सीटमध्ये पट्ट्याचं बकल सीटच्या आतल्या रेललाच जोडलेलं असतं. म्हणजे टक्कर झाली की माणसाचा मोठा भार त्या रेलवर, तिथून तुमच्या जोडफ्रेमवर आणि तिथून चार एम८ बोल्टवर येतो. घरच्या फ्रेमकडून ही अपेक्षा करू नका. बकल सीटवरून काढा आणि फ्लोअरला वेगळा आधार करून तिथे ७/१६ इंच यूएनएफ (बारीक आट्यांच्या) बोल्टने लावा. सीटबेल्टचा प्रमाण बोल्ट तोच आहे. खाली मोठी, जाड पट्टी हवीच. इथे एक नवं भोक पाडावं लागलं तरी पाडा. वर मी मूळपणाचा एवढा आग्रह धरला, तो जिवापेक्षा मोठा नाही. खांद्याच्या पट्ट्याचा वरचा टेकू मधल्या खांबात येतो. तुमच्या खांबात आतून आट्यांचा जाड नट आहे का, ते ट्रिम काढून बघा. नसेल तर खांबाच्या पत्र्यात नुसता बोल्ट मारू नका. आतून जाड पट्टी बसवून घेण्याचं काम हे समजणाऱ्या बॉडीवाल्याकडूनच करा.

कव्हरचं बोलायचं तर नव्या सीट काळ्या-करड्या कापडातच ठेवल्या की पद्मिनीच्या आत परक्या दिसतात. मागच्या सीटच्या रेक्झिनचा रंग जुळवा, बसण्याच्या भागात तशाच उभ्या शिवणी आणि कडेला पाइपिंग करा. एसी नसलेल्या गाडीत मधला पट्टा भोकांच्या रेक्झिनचा किंवा कापडाचा घ्या, पाठ कमी भिजते. मागची सीटही त्याच वेळी त्याच कापडात करा, नंतर तोच रोल मिळत नाही.

गाडी चालवायला लागल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि मग पाचशेनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. नवा रंग आणि सीलर दबून थोडी आवळण जातेच. त्यानंतरही एखादा बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला होत असेल तर आवळत बसू नका, खाली जाऊन पत्रा बघा. भोकाभोवती केसासारखी चीर असते. पहिल्या पावसाळ्यात दोन-तीनदा मॅट उचलून बोल्टभोवती ओल आहे का तेही पाहा.

आणि काढलेली बेंच कुशनवाल्याला देऊन टाकू नका. सांगाडा साफ करून, सुती चादरीत गुंडाळून पोटमाळ्यावर उभी ठेवा. प्लास्टिकमध्ये बांधली तर आत घाम धरून गंजते, आणि जमिनीवर ठेवली तर काथ्यात उंदीर घर करतात. तिचे मूळ बोल्ट आणि वायसर तेल लावून एका पिशवीत घाला, आणि ती पिशवी सांगाड्यालाच तारेने बांधा.